एपीएलए पॉझिटिव्ह, एपीटीटी ५८, आणि गावात म्हणतात ‘रक्त पातळ आहे, गोळी बंद करा’

उपकेंद्र_यवतमाळ

नमस्कार. मी सीएचओ (उपकेंद्राची आरोग्य अधिकारी) आहे. आमच्या हद्दीतल्या एका बाईंबद्दल विचारायचं आहे. वय २९, वजन ५० किलो. आधी दोनदा गर्भ गेला, त्यातला एक चौथ्या महिन्यात. जूनच्या सुरुवातीला डावा पाय मांडीपर्यंत सुजला, डॉपलरमध्ये (शिरेच्या सोनोग्राफीत) गुठळी निघाली. आठ दिवस भरती होत्या. एनॉक्सापॅरिनच्या (गुठळी रोखणाऱ्या) सुया झाल्या, आता वॉरफेरिन ही रक्त पातळ करायची गोळी ५ मिग्रॅ. रोज संध्याकाळी चालू आहे. सुटी झाली तेव्हा आयएनआर (वॉरफेरिनचा परिणाम मोजणारा आकडा) २.३ होता.

भरतीच्या चौथ्या दिवशी घेतलेल्या नमुन्याचा एपीएलएचा (अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीजचा) रिपोर्ट असा: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट पॉझिटिव्ह, अँटिकार्डिओलिपिन आयजीजी ८६, बीटा-टू ग्लायकोप्रोटीन आयजीजी ९२. सुया सुरू होण्याआधीचा एपीटीटी (नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ) ५८ सेकंद, कंट्रोल ३० सेकंद. पीटी (गोठण्याची दुसरी चाचणी) नॉर्मल.

आता घोळ असा की रिपोर्टात ‘अँटिकोअ‍ॅग्युलंट’ वाचून आणि एपीटीटी वाढलेला पाहून गावातल्या एका डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं, रक्त आधीच पातळ आहे, वरून पातळ करायची गोळी काहून घेता? सासू गोळी बंद करायच्या मागे आहे. मेडिकलवाला म्हणतो रिव्हारोक्साबॅन (रक्त पातळ करायची दुसरी गोळी) घ्या, तपासणीची कटकट नाही. आयएनआर करायला ४० किलोमीटर जावं लागतं, एसटी दिवसातून दोन. पेरणी सुरू आहे, बाई वावरात जातात. धाकट्या बहिणीनेही घाबरून खाजगीत तपासणी केली, तिचं अँटिकार्डिओलिपिन आयजीएम २२ आलं, त्रास काही नाही. तिला अ‍ॅस्पिरिन द्यायची का? आणि पेशंट बाईंनी आशाताईंकडे माला-एन (गर्भनिरोधक गोळी) मागितली आहे, द्यावी का?

मेडिसीन_वर्धा

ताई, गोळी बंद करायची नाही. सासूबाईंना आजच सांगा, बाकीचं नंतर वाचा.

‘ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट’ हे नाव काचेच्या नळीत पडलं आणि चिकटलं. एपीटीटी करताना नळीत बाहेरून फॉस्फोलिपिड घालावं लागतं, त्याशिवाय गोठण्याची साखळी पुढे सरकत नाही. या बाईंच्या रक्तातल्या अँटिबॉडीज नेमकं तेच धरून बसतात, म्हणून नळीत गुठळी उशिरा होते आणि आकडा ५८ दिसतो. शरीरात मात्र उलटं घडतं. तिथे त्या बीटा-टू ग्लायकोप्रोटीन नावाच्या प्रथिनाला चिकटून शिरेच्या आतल्या अस्तरावर, प्लेटलेटवर आणि मोनोसाइटवर बसतात, त्यांना चेतवतात आणि रक्त गोठायच्या बाजूला झुकतं. एपीटीटी जास्त आणि पाय सुजलेला, ही या आजाराची (अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमची) ओळखच आहे. लंडनच्या ग्रॅहम ह्यूजने १९८३ मध्ये गुठळ्या, गर्भपात आणि या अँटिबॉडीज यांची सांगड घातली, तेव्हापासून हे माहीत आहे. प्लेटलेट थोड्या कमी असल्या, समजा ९०,००० आल्या, तरी त्याने गुठळीपासून संरक्षण मिळत नाही.

धोका सगळ्यांना सारखा नसतो, आणि लोक इथेच चुकतात. तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असणं सर्वांत वाईट. अशा माणसाला एकही गुठळी झालेली नसली तरी वर्षाला सुमारे ५ टक्के धोका धरतात. त्याखालोखाल एकटा ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, कायम टिकलेला. मग ४० च्या वरचं आयजीजी. एकटं आयजीएम, तेही ४० च्या आत, म्हणजे जवळपास काहीच नाही. २०२३ च्या एसीआर-युलार (अमेरिका आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटना) निकषांत ४० ते ७९ मध्यम आणि ८० च्या वर जास्त धरलं आहे, आणि एकट्या आयजीएमला फक्त १ गुण दिला आहे. (हे निकष अभ्यासासाठी रुग्ण निवडायला केलेत, समोरच्या माणसाचं निदान नाकारायला नव्हे.)

म्हणून धाकट्या बहिणीला काही देऊ नका. साध्या तापानंतरही असा आकडा येतो आणि जातो. कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, मलेरिया यांत अँटिकार्डिओलिपिन चढतं, आणि आपल्या भागात कुष्ठरोग काही इतिहासजमा झालेला नाही. मन मानत नसेल तर १२ आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करा. नातेवाइकांची सरसकट तपासणी करायची गरज नसते. तिन्ही पॉझिटिव्ह पण त्रास काही नाही असा कोणी निघाला, तर अ‍ॅस्पिरिन ७५ मिग्रॅ. चा विचार होतो.

रिव्हारोक्साबॅन या बाईंना नको. २०१८ मध्ये इटलीतल्या ट्रॅप्स चाचणीत तिन्ही पॉझिटिव्ह असलेले १२० रुग्ण होते. रिव्हारोक्साबॅनच्या ५९ पैकी सात जणांना झटका आला, चार जणांना मेंदूचा आणि तिघांना हृदयाचा. वॉरफेरिनच्या ६१ मध्ये एकही नाही. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. नीट बघा, या झटक्यांतला प्रत्येक धमनीतला होता. म्हणजे पायाच्या शिरेसाठी घेतलेली गोळी डोक्यात धोका देऊन गेली. मेडिकलवाल्याला हे माहीत असायचं कारण नाही, पण चिठ्ठीशिवाय सल्ला देऊ नये एवढं त्याला सांगता येतं.

बाईंना वॉरफेरिन, आयएनआर २ ते ३, आणि १२ आठवड्यांनी अँटिबॉडीज टिकल्या तर जन्मभर. ‘सहा महिने घ्या आणि सोडा’ हे साध्या डीव्हीटीचं (पायाच्या खोल शिरेतल्या गुठळीचं) गणित आहे, इथे चालत नाही.

लॅब_बेंच

मेडिसीनवाल्या सरांशी सहमत, पण त्या ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटच्या पॉझिटिव्हवर एवढा भर नको. नमुना चौथ्या दिवशी, एनॉक्सापॅरिन (हेपॅरिनचाच प्रकार) चालू असताना घेतलाय. डीआरव्हीव्हीटीच्या (ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट शोधायच्या चाचणीच्या) अभिकर्मकात हेपॅरिन मारणारं द्रव्य असतं, तरी त्याची मर्यादा ठरलेली असते. सुईनंतर तीन-चार तासांनी रक्त काढलं तर ती ओलांडली जाते. शेवटच्या सुईनंतर निदान १२ तासांनी नमुना घ्यायचा असतो. शिवाय ताज्या गुठळीत सीआरपी (दाह दाखवणारं प्रथिन) चढलेलं असतं, ते एपीटीटीवर आधारलेल्या चाचणीला फसवतं. सुयांच्या आधीचा ५८ हा आकडा खरा वाटतो, फक्त तेव्हा मिक्सिंग केलं होतं का ते विचारा. नॉर्मल प्लाझ्मा निम्मानिम्म मिसळूनही वेळ खाली आली नाही तर आत अडवणारं काहीतरी आहे. खाली आली तर एखादा घटक कमी आहे, आणि ती गोष्टच वेगळी.

अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू या एलायझा तपासण्या आहेत. त्यांना हेपॅरिन, वॉरफेरिन, काहीच अडवत नाही. ८६ आणि ९२ वर विसंबा.

पुन्हा तपासणी १२ आठवड्यांनी, म्हणजे पूर्ण ८४ दिवसांनी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला नमुना असेल तर पोळ्याच्या मागेपुढे येईल. आधी केलेली तपासणी धरत नाहीत. आणि त्यासाठी वॉरफेरिन थांबवू नका. दोन्ही एलायझा पुन्हा वर आल्या की निर्णयाला तेवढं पुरतं.

आता तालुक्याच्या लॅबमधून नमुना पाठवताना काय बिघडतं ते सांगतो, कारण निम्मे चुकीचे निगेटिव्ह इथेच तयार होतात. निळ्या टोपीची नळी, ३.२ टक्के सायट्रेट, खुणेपर्यंत भरलेली, नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट. अर्धी भरलेली नळी पाठवली की सायट्रेट जास्त पडतं आणि सगळ्या वेळा खोट्या लांबतात. नळी चार-पाच वेळा अलगद उलटी करायची, हलवायची नाही. मग चार तासांच्या आत दोनदा सेंट्रिफ्यूज. पहिल्यांदा फिरवल्यावर वरचा प्लाझ्मा प्लास्टिक पिपेटने काढायचा, खालच्या थराच्या वर बोटभर सोडून, आणि दुसऱ्या नळीत पुन्हा फिरवायचा. दुसऱ्यांदाही तळाचा थेंबभर टाकून द्यायचा. कारण साधं आहे: प्लाझ्मात प्लेटलेट राहिल्या आणि नमुना गोठवला की त्या फुटतात, आतलं फॉस्फोलिपिड बाहेर येतं, अँटिबॉडी त्यालाच चिकटून संपते आणि रिपोर्ट येतो निगेटिव्ह. बर्फाच्या डब्यात अख्खं रक्त ठेवून एसटीने पाठवलेल्या नमुन्यावर ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट करूच नये. त्यापेक्षा पेशंटलाच वर्धा, सेवाग्राम किंवा नागपूरला पाठवा, खर्च एकदाच होईल.

एक जोड. गरोदरपणात सिफिलिस या गुप्तरोगाची व्हीडीआरएल चाचणी पॉझिटिव्ह आणि त्याचीच खात्रीची टीपीएचए निगेटिव्ह आली तर नवरा-बायकोत भांडण लावायच्या आधी थांबा. व्हीडीआरएलच्या द्रवात कार्डिओलिपिनच असतं, त्यामुळे या अँटिबॉडीज तिथे खोटा पॉझिटिव्ह देतात. अशा बाईचे गर्भ गेले असतील तर एपीएलएची तपासणी सुचवा.

हिवताप_कर्मचारी

मधेच बोलतो. वर्धा, नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात एक पाय सुजला की पहिला शब्द ‘हत्तीपाय’. रात्रीचा रक्तनमुना होतो, डीईसीच्या गोळ्या मिळतात आणि पोटरीतली गुठळी तशीच राहते. फरक बघा. हत्तीरोगाची सूज महिन्या-वर्षांत चढते, मधूनमधून थंडीताप, जांघेत गाठी, कातडी जाड. गुठळीची सूज एका-दोन दिवसांत येते, पोटरी ताठ आणि गरम, दाबली की दुखते. नडगीच्या हाडाच्या उंचवट्याखाली १० सेंमीवर टेप लावा. दोन पायांत ३ सेंमीपेक्षा जास्त फरक असला तर रात्रीची वाट न बघता डॉपलरला धाडा. सिकलसेलच्या पेशंटचंही तेच. क्रायसिसमध्ये (सिकलसेलच्या वेदनेच्या झटक्यात) दुखतं बहुतेक दोन्हीकडे, हाडात. एकच पाय फुगला असेल तर तो क्रायसिस म्हणून सोडून देऊ नका.

उपकेंद्र_यवतमाळ

सगळ्यांचे आभार. मिक्सिंग केलं होतं, ‘नॉट करेक्टेड’ लिहिलं आहे. आता आयएनआरचं रोजचं गणित कोणी सांगेल का? बाईंच्या घरी पावसाळ्यात भाजी म्हणजे वावरातली, तरोटा, चिवळ, अंबाडी. तेही बंद करायचं का?

क्लिनिकल_फार्मसी

भाजी बंद करू नका. बंद केलेली भाजी दहा दिवसांनी पुन्हा सुरू होतेच, आणि आयएनआर बिघडतो तो त्या चढउताराने. वॉरफेरिन व्हिटॅमिन के च्या विरुद्ध काम करतं आणि हिरव्या पानांत ते भरपूर असतं. मेथी-पालक-अंबाडी-तरोटा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी वाटीभर, बारा महिने साधारण तेवढंच. उन्हाळ्यात नुसतं वरण-पोळी आणि पहिला पाऊस पडला की दोन्ही वेळा तरोटा, असं झालं की जुलैत आयएनआर खाली घसरतो. डोस ठरवणाऱ्याला हा मोसम माहीत असला पाहिजे.

वेळापत्रक: सुटीनंतर आठवड्यातून दोनदा, लागोपाठ दोन आकडे २ ते ३ मध्ये आले की आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी, पुढे स्थिर राहिलं तर चार आठवड्यांनी. शक्यतो एकच लॅब, कारण अभिकर्मक बदलला की आकडा हलतो. बोटाच्या थेंबावर चालणारं यंत्र कोणी आणून दिलं तर पहिल्यांदा त्याच दिवशी शिरेतल्या रक्ताशी ताळा घ्या. या अँटिबॉडीजमुळे ते यंत्र काहींमध्ये खोटा जास्त आकडा दाखवतं. यंत्र ४ दाखवतंय म्हणून डोस कमी केला आणि खरा आकडा २.१ होता, असं झालं तर गुठळीला दार उघडलं. बाईंचा सुरुवातीचा पीटी नॉर्मल होता हे चांगलं आहे, म्हणजे लॅबच्या आयएनआरवर भरवसा ठेवता येईल.

डोस रोजचा मोजू नका, आठवड्याचा मोजा. रोज ५ म्हणजे आठवड्याला ३५ मिग्रॅ. थोडा वाढवायचा असेल तर एक दिवस ७.५ करा, एकूण ३७.५ झालं. बदल ५ ते २० टक्क्यांच्या आत, आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला पाच-सहा दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी तपासून पुन्हा डोस बदलला की झुला सुरू. गोळी संध्याकाळी घेण्यात फायदा हा की दुपारी आयएनआर कळला तर त्याच दिवशी डोस बदलता येतो. विसरली आणि त्याच रात्री आठवलं तर घ्यावी. सकाळी आठवलं तर सोडून द्यावी, दोन एकदम नाही.

वॉरफेरिन आणि अ‍ॅसिट्रोम (रक्त पातळ करायची आणखी एक गोळी) एक नव्हेत. दुकानात एक नसलं की दुसरं ‘तेच आहे’ म्हणून देतात. २ मिग्रॅ. ला २ मिग्रॅ. हा हिशेब चुकीचा आहे. अ‍ॅसिट्रोम शरीरातून लवकर उतरतं, एक डोस चुकला तरी आयएनआर पटकन पडतो. गोळीच्या रंगावर जाऊ नका, कंपनीगणिक रंग बदलतो, पाकिटावरचे मिग्रॅ. वाचा.

मेट्रोनिडाझोल, कोट्रायमोक्साझोल, फ्लुकोनाझोल यांनी आयएनआर चढतो. जुलाबाला आणि पांढऱ्या पाण्याला हीच औषधं सर्रास जातात, म्हणून सुरू केल्यापासून तीन ते पाच दिवसांत आयएनआर बघा. रिफॅम्पिसिनने इतका पडतो की टीबीचा उपचार सुरू झाला तर डोस दुप्पट-तिप्पट लागू शकतो, आणि रिफॅम्पिसिन संपलं की तोच डोस जीवघेणा ठरतो. दुखण्याला पॅरासिटामॉल, दिवसाला २ ग्रॅमच्या आत. डायक्लोफिनॅक गोळीही नको आणि कमरेवरचं इंजेक्शन तर नकोच, स्नायूत रक्त साकळतं. पेरणी-निंदणीच्या दिवसांत गावात तेच इंजेक्शन सर्वांत जास्त चालतं. टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस चालेल. आयएनआर हद्दीत असावा, सुई बारीक, नंतर पाच मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही.

आयएनआर ५ आला आणि रक्त कुठून जात नसेल तर एक डोस गाळा, दोन दिवसांनी तपासा. घाबरून व्हिटॅमिन के १० मिग्रॅ. टोचू नका. पुढे आठवडाभर वॉरफेरिन लागू पडत नाही, आणि या आजारात तो आठवडा महाग पडतो. रक्तस्राव असेल तर प्रश्न वेगळा, तेव्हा १०८.

प्रसूती_चंद्रपूर

माला-एन देऊ नका. त्यात ०.०३ मिग्रॅ. इथिनिल इस्ट्राडिओल आहे आणि या अँटिबॉडीज असलेल्या बाईला इस्ट्रोजेन पूर्ण वर्ज्य. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शनही टाळा, आणि छाया ही गर्भनिरोधक गोळी ज्या जातकुळीचं औषध आहे त्यातल्या इतर औषधांनी गुठळ्या वाढतात, म्हणून तेही नको. तांबी (कॉपर-टी) चालते, पण वॉरफेरिनवर पाळी आधीच जास्त जाते, तांबीने आणखी जाईल. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारं, गर्भाशयात बसवायचं साधन मिळत असेल तर ते सर्वांत बरं. तोवर निरोध.

एक गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून सांगते. महालक्ष्म्या आल्या की पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅ. दिवसातून तीनदा घेतात, चिठ्ठी कोणी मागत नाही. त्यातला काही भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडिओलच होतो. म्हणजे माला-एन नाकारली आणि तेच मागच्या दाराने घरात आलं. भादव्याच्या आधीच बाईंच्या आणि सासूच्या कानावर घाला. जास्त जाते म्हणून ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडही आपल्या मनाने देऊ नका, गुठळी ताजी आहे.

दिवस राहायचे असतील तर आधी ठरवून. वॉरफेरिन सहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाला व्यंग देतं, म्हणून पाळी चार दिवस चुकली की त्याच आठवड्यात लघवीची तपासणी, आणि पॉझिटिव्ह आली की डॉक्टरांशी बोलून लगेच वॉरफेरिन बदलून एनॉक्सापॅरिन १ मिग्रॅ. प्रति किलो दर १२ तासांनी, सोबत अ‍ॅस्पिरिन ७५. ४० मिग्रॅ. रोज एकदा हा डोस फक्त गर्भ गेलेले पण गुठळी कधीच न झालेल्यांसाठी. इथे तो अपुरा पडेल. बाळंतपण मोठ्या ठिकाणी. नंतर वॉरफेरिन पुन्हा सुरू, त्यावर अंगावर पाजता येतं.

उपकेंद्र_यवतमाळ

आजचा आयएनआर हाती आला, १.७. पेरणीत दोन संध्याकाळी गोळी राहिली आणि चार दिवसांपासून दोन्ही वेळा तरोटा. पाय थोडा जास्त जड वाटतो म्हणतात, दम नाही, छाती दुखत नाही. फ्रीज घरी नाही. आता?

मेडिसीन_वर्धा

सुटी दिलेल्या डॉक्टरांना आत्ता फोन लावा आणि हे चार आकडे सांगा: वजन ५०, आयएनआर १.७, गुठळीला किती दिवस झाले, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) किती. पाय जड म्हणताहेत तर दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून मापं लिहून ठेवा, वाढलं असेल तर पुन्हा डॉपलर. गुठळीचा पहिला महिना आणि तिन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे २ च्या खाली नुसतं वाट बघत बसायचं नाही. आयएनआर वर येईपर्यंत एनॉक्सापॅरिनची जोड बहुधा सांगतील: ५० मिग्रॅ., दर १२ तासांनी. ६० मिग्रॅ. ची, खुणा असलेली सिरिंज मागवा, त्यातलं ०.१ मिली आधी टाकायचं म्हणजे ५० राहतं. (पूर्ण सिरिंज द्यायची असते तेव्हा आतला हवेचा बुडबुडा काढत नाहीत, इथे मात्र जादा भाग काढावाच लागतो.) बेंबीपासून चार बोटं लांब, कातडीची घडी धरून सुई सरळ, घडी सुई बाहेर येईपर्यंत सोडायची नाही, नंतर चोळायचं नाही. सकाळी उजवी बाजू, रात्री डावी. फ्रीज लागत नाही, फक्त उन्हात आणि चुलीजवळ ठेवू नका. आतल्या खोलीत माठाशेजारी कोरड्या डब्यात ठेवा.

वॉरफेरिन आज चुकवू नका. दोन डोस राहिल्यामुळेच पडला असेल तर आठवड्याचा डोस वाढवायची घाई नको, ३५ वरच ठेवून बघा. तिसऱ्या दिवशी आयएनआर, मग पुन्हा दोन दिवसांनी. दोनदा २ च्या वर आला की सुई बंद. मधेच दम लागला, तोंड वाकडं झालं किंवा हात पडला तर पुढच्या एसटीची वाट न बघता १०८, आणि गाडीत बसतानाच सांगायचं की वॉरफेरिनवर आहे आणि शेवटची गोळी केव्हा घेतली.